समुद्रकाठचं भाड्याचं घर: गंज, ओल आणि दुरुस्ती कोणाच्या खिशातून?

मुंबईत नव्याने राहायला आलेल्याला भाडं, डिपॉझिट, ब्रोकरेज यांचे आकडे कुणीही सांगतं. पण पहिल्या पावसाळ्यात बेडरूमची भिंत फुगली, ग्रिलवरून तपकिरी ओघळ उतरले, बाथरूमच्या दाराची बिजागरी धरली, की करायचं काय, हे कुणी सांगत नाही. मी आजवर पाच घरं भाड्याने बदलली, त्यातली तीन समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पहिल्या घराच्या डिपॉझिटमधून 'गंजलेल्या वस्तू आणि रंग' या नावाखाली २२ हजार रुपये कापले गेले. त्यातले निम्मे तरी माझ्या अज्ञानाचे होते. मुंबईतच नव्हे, वसई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, गोव्यात कुठेही भाड्याने राहणार असाल तर पुढचं बरंचसं तसंच लागू पडेल. फक्त कायद्याचा भाग महाराष्ट्रापुरता समजा.

इथे गंज इतका का चढतो

जुलैत स्वयंपाकघरातलं मीठ पाझरतं, बरणीत त्याचा गोळा होतो. तेच मीठ समुद्रावरून वाऱ्याबरोबर येऊन ग्रिलवर, एसीच्या स्टँडवर, बाल्कनीच्या कठड्यावर बसतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की साधं मीठ पाणी ओढायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते त्याहून पुष्कळ कोरड्या हवेतही ओले राहतात. त्यामुळे पाऊस थांबून ऊन पडलं तरी लोखंडावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर राहतोच.

स्लॅबचं दुखणं वेगळं. काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतल्या सळईवर एक संरक्षक थर धरलेला असतो. मिठातला क्लोराइड आत पोहोचला, किंवा वर्षानुवर्षं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची अल्कता उतरली, की तो थर तुटतो. सळई गंजते आणि गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो. ती जागा काँक्रीट फोडूनच मिळते. छताचे पोपडे पडतात ते असे.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो: डाग जिथे दिसतो तिथे बहुतेक वेळा रोग नसतो. पाणी कुठून येतंय हे सापडेपर्यंत रंग, पुट्टी, वॉटरप्रूफिंग यांवर एक रुपयाही खर्च करू नका आणि मालकालाही करू देऊ नका.

घर बघायला जाल तेव्हा

दिवसाउजेडी जा. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली ओलीचे डाग दिसत नाहीत. पावसाळ्यात बघायला मिळालं तर सोन्याहून पिवळं. घर भर उन्हाळ्यात बघत असाल आणि फक्त एकाच भिंतीला ताजा रंग असेल, तर ती भिंत का रंगवली हे विचारा. सगळं घर रंगवलंय तर ठीक, पण एकच कोपरा चकचकीत दिसला की मला तरी शंका येते.

छताला झाडूच्या दांड्याने आणि हाताला लागेल त्या बीमला नाण्याने हलकेच टकटक करून बघा. घट्ट काँक्रीट 'ठक्' असं कोरडं वाजतं. आतून सुटलेलं प्लास्टर रिकाम्या डब्यासारखं वाजतं. ब्रोकर हसेल, हसू द्या. बीमच्या लांबीला धरून सरळ भेग गेलेली असेल आणि भेगेच्या कडेला तपकिरी ओघळ असेल, तर आत सळई गंजतेय. ते काम घरापुरतं नाही, इमारतीचं आहे. पुट्टीने ते बुजत नाही. अशा खोलीत पलंग कुठे लावायचा याचा विचार करण्यापेक्षा दुसरं घर बघा.

सोसायटीच्या सेक्रेटरींना इमारतीचं वय आणि शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, कधी झालं ते विचारा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. मुंबईत ३० वर्षं उलटलेल्या इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब खाली स्थैर्याचा दाखलाही द्यावा लागतो. 'भाडेकरूला कशाला हवंय?' असं उत्तर आलं तर तेही उत्तरच आहे.

बाकी पटापट: सगळे नळ एकदम उघडा, सिंकखालच्या बॉटल ट्रॅपला (सांडपाण्याच्या पाइपवरच्या बाटलीसारख्या भांड्याला) हात लावून ओला आहे का बघा, बाथरूमच्या पाठची भिंत दुसऱ्या खोलीतून बघा, डक्टची खिडकी उघडून बाहेरचे पाइप बघा. वरचा मजला गच्ची असेल तर पावसाळ्यात कसं असतं, हे मालकाला विचारण्यापेक्षा वॉचमनला विचारा.

करारावर सही करण्याआधी

मुंबईत तुम्ही बहुतेक 'लीव्ह अँड लायसन्स' करारावर राहणार. कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरू नाही, लायसन्सी, म्हणजे घर वापरायची फक्त परवानगी मिळालेला. हा फरक दुरुस्तीच्या वेळी बोचतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ नुसार, उलट काही ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी. नोटीस देऊन किमान १५ दिवस थांबल्यावरही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण हे भाडेकरूसाठी. लायसन्सीच्या हातात त्याचा करारच असतो. म्हणून करारात काय लिहिलंय याला महत्त्व.

आणि करार नोंदवलेलाच हवा. त्याच कायद्याच्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवलेला लेखी करार नसेल, तर अटींबाबत लायसन्सी सांगेल ते धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

छापील मसुद्यात एक ओळ हमखास असते: 'सर्व दुरुस्त्या लायसन्सी स्वखर्चाने करील.' ती तशीच राहू देऊ नका. मी त्याऐवजी हे लिहून घेतो: 'स्लॅब, बीम, बाहेरच्या भिंती, भिंतीतले पाइप, वायरिंग, ग्रिल आणि बाहेरून येणारी गळती यांची दुरुस्ती मालक करतील, नळाचे वॉशर, बल्ब, तुंबलेली मोरी अशी वापरातली किरकोळ दुरुस्ती लायसन्सी करील. नेहमीच्या वापराने व हवामानाने झालेली झीज डिपॉझिटमधून कापली जाणार नाही.' 'हवामानाने' हा शब्द विसरू नका. सगळ्या गंजाची भिस्त त्या एका शब्दावर आहे.

मालक कुरकुरले तर केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा दाखवा. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण त्यातली वाटणी बोलणीसाठी सोयीची आहे: ढाच्याची दुरुस्ती, भिंतींचा रंग, पाइप बदलणं, वायरिंग मालकाकडे, नळ, गीझर, स्विच, कड्या-कुलपं, मोरीची सफाई राहणाऱ्याकडे. गीझर तुमच्या बाजूला आहे हे लक्षात घ्या. गीझर जुना असेल तर तो 'मालकाकडे' असं आधीच लिहून घ्या.

ताबा मिळाला त्याच दिवशी

सामान उतरवायच्या आधी फोन घेऊन घरभर फिरा. एक सलग व्हिडिओ: प्रत्येक ग्रिलचा खालचा आडवा पट्टा, बिजागऱ्या, नळांचे बुडखे, फ्रिज दिला असेल तर त्याची मागची बाजू, लोखंडी कपाटाचे पाय, एसीचा बाहेरचा स्टँड, स्वयंपाकघरात सिलिंडरच्या जागेची फरशी. त्यात बोलत चला: 'हॉलच्या खिडकीचं ग्रिल, डाव्या कोपऱ्यात गंज आहे.' त्याच संध्याकाळी तो मालकांना पाठवा आणि त्यांचं 'ओके' येऊ द्या. माझ्या २२ हजारांतला मोठा वाटा या एका व्हिडिओने वाचला असता.

ओल आली तर: पाणी शोधायची पद्धत

आधी वेळ बघा. ओल फक्त पावसात वाढत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. बारा महिने असेल तर पाइप. बारा महिने आहे, पण सकाळच्या आंघोळींनंतरच वाढते, तर सांडपाण्याची लाइन किंवा नहाणी ट्रॅपची, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतल्या पाणी जायच्या भोकाची, कड. रात्री कुणी पाणी वापरत नाही तेव्हाही थेंब तसाच, तर भरलेली लाइन, म्हणजे नळाचं पाणी. ही नोंद चार दिवस वहीत ठेवा. भिंतीवर पेन्सिलीने ओलीची कड आखून शेजारी तारीख टाका, म्हणजे डाग वाढतोय की सुकतोय यावर वाद होत नाही.

कपाटामागे किंवा एसीच्या खोलीत काळे ठिपके असतील तर पाणी भिंतीतून येतंय की हवेतली वाफ भिंतीवर थिजतेय, हे बघावं लागतं. प्लॅस्टिकचा वहीएवढा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा, दिवसभर ठेवा. तुकड्याच्या आतल्या बाजूला थेंब आले तर भिंत ओली आहे. बाहेरच्या बाजूला आले तर ओल हवेतली. मग कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पंखा लावा आणि खिडकी उघडा. त्यासाठी मालकाला फोन करायची गरज नाही.

तिसऱ्या घरातली गोष्ट सांगतो. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत लोणा फुटला होता. पांढरी पूड, बोट लावलं की भुसभुशीत. मालकांनी आधी दोनदा रंग लावून दिलेला. ते म्हणायचे, 'वरच्यांचं गळतंय.' वरच्या काकू म्हणायच्या, 'आमच्याकडे मागच्याच वर्षी वॉटरप्रूफिंग झालंय, तुम्ही या आणि बघा.' गेलो. त्यांच्या बाथरूमची नहाणी फडक्याने बंद केली, जमिनीवर दोन बोटं पाणी साचवलं, त्यात खायचा लाल रंग घातला आणि चोवीस तास ठेवलं. काकूंनी एक दिवस दुसऱ्या बाथरूममध्ये आंघोळ केली, हा त्यांचा मोठेपणा. आमच्या भिंतीवर लालीचा मागमूस नाही, ओल मात्र तेवढीच.

मग आमच्याच घराची लाइन. दोन दिवसांसाठी पुण्याला जाताना बाथरूमचा मुख्य कॉक बंद करून गेलो. परत आलो तेव्हा पेन्सिलीच्या रेघेच्या आत तीन बोटं भिंत सुकली होती. प्लंबरने त्या उंचीवर फक्त दोन टाइल्स काढल्या. आत गीझरकडून येणाऱ्या गरम पाण्याच्या लाइनचा जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, त्याला पुढे पितळी फिटिंग जोडलेलं. दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना भिडले की त्यांतला एक दुसऱ्यासाठी झिजतो. इथे जीआयचा नंबर लागला. एल्बो हातात घेतला तर वरून धडधाकट, आतून गंजाच्या गाठींनी निम्मा बुजलेला, आणि कडेला सुईच्या नेढ्याएवढं भोक. दोन वर्षं तीन घरांत धुसफूस चालली होती ती एवढ्या भोकावरून. नवा तुकडा सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकचा, टाकला, मालकांनी पैसे दिले. भिंत सुकायला पुढे दीड महिना गेला आणि त्यानंतरच रंग लावला. ओल्या भिंतीवर लावलेला रंग पापुद्रे धरतोच.

गळती खरंच वरून निघाली तर तुम्ही वरच्यांशी भांडायला जाऊ नका, तुमचा करार त्यांच्याशी नाही. उपविधींप्रमाणे गच्चीची, पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने काढायची. घरातल्या संडास-बाथरूम-सिंकची ज्याच्या घरातून होते त्या सभासदाने. सोसायटीकडे अर्ज तुमच्या मालकांनीच द्यायचा. मात्र अर्जाचा मसुदा तुम्ही लिहून दिलात तर तो लवकर जातो.

ग्रिलचा गंज काढायचा तर

कोरड्या दिवसांत करा, मार्च ते मे किंवा दिवाळीनंतर. मी एकदा जुलैच्या उघडिपीत ग्रिल रंगवलं, गणपतीला त्याचे फोड फुटले. मालकांना आधी विचारा. बाहेरून बॉक्स ग्रिल असेल आणि बाहेर लोंबकळावं लागत असेल तर स्वतः करूच नका, फॅब्रिकेटरला बोलवा.

लोक चुकतात ते पहिल्या पायरीत. खरवडण्याआधी ग्रिल साध्या पाण्याने दोनदा धुवा. मीठ लोखंडावर राहिलं आणि वरून रंग चढला, तर गंज रंगाखाली चालूच राहतो. वाळल्यावर तारेच्या ब्रशने सुटे पापुद्रे काढा, मग पॉलिश पेपरने घासा, अगदी चकाकेपर्यंत नाही, पण बोटाला पूड लागणार नाही इथपर्यंत. ओलं फडकं, पुन्हा वाळवणं. त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमरचा हात, दुसऱ्या दिवशी ऑइल पेंटचे दोन हात, मध्ये पुरतं वाळू द्या. जोड आणि खालचा आडवा पट्टा यांना एक हात जास्त, कारण पाणी तिथेच थांबतं. पेचकस टोचल्यावर आत गेला तर रंगवू नका. ती सळई बदलायची आहे. घरात लहान मूल असेल तर त्याच दिवशी मालकांना फोटो पाठवा.

त्यानंतर महिन्यातून एकदा ग्रिल ओल्या फडक्याने पुसलं तरी पुष्कळ. एसीच्या बाहेरच्या स्टँडचे बोल्ट सर्व्हिसवाल्याकडून दरवर्षी बघून घ्या. तो गंजून खाली पडला तर प्रश्न डिपॉझिटचा राहत नाही.

घरातल्या बारीकसारीक गोष्टी

सिलिंडर. फरशीवरचं गंजाचं गोल कडं हे भाड्याच्या घराचं कुलचिन्हच. पहिल्याच दिवशी ट्रॉली किंवा प्लॅस्टिकचा ट्रे ठेवा. कडं उमटलंच तर सिरॅमिक टाइलवर लिंबूसत पाण्यात कालवून अर्धा तास ठेवा, घासा, धुवा. संगमरवर किंवा कोटा फरशी असेल तर लिंबूसतही नको, टॉयलेट क्लीनरही नको. आम्ल त्या दगडालाच खातं, कडं जातं आणि खडबडीत पांढरा डाग कायमचा राहतो.

नळ. मुंबई महापालिकेचं तलावांचं पाणी मऊ. टँकर किंवा बोअरवेलच्या इमारतीत मात्र नळांवर पांढरा क्षार चढतो. लिंबूसताच्या कोमट पाण्यात फडकं भिजवून नळाला गुंडाळा, वीस-पंचवीस मिनिटांनी धुवा. टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक आम्ल नळांवर उडू देऊ नका, स्टेनलेसलाही त्याने बारीक खड्डे पडतात. आणि ते ब्लीचमध्ये कधीही मिसळायचं नाही. बंद बाथरूममध्ये क्लोरीन वायू निघतो.

गीझर. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजून टाकी वाचवते. ती संपली की टाकीची पाळी. सर्व्हिसिंगवाला आला की 'अॅनोड रॉड बघ' एवढं म्हणा. गरम पाणी तांबूस यायला लागलं तर उशीर झालाय.

वीज. ओल्या भिंतीतला सॉकेट वापरू नका. बोर्डात आरसीसीबी (वीज कुठे गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर महिन्यातून एकदा त्याचं 'टेस्ट' बटण दाबून तो पडतो का बघा. नसेल तर मालकांकडे मागा, बाकी कुठल्याही मागणीआधी.

मालकांशी बोलताना

फोनवर बोला, पण नंतर लिहून पाठवा. मी साधारण असं लिहितो:

'नमस्कार काका. बेडरूमच्या बाथरूमकडच्या भिंतीला ३ तारखेपासून ओल आहे, फोटो जोडले आहेत. कॉक बंद ठेवल्यावर ओल कमी होते, म्हणजे भिंतीतला पाइप असावा असं प्लंबर म्हणतो. त्याने खर्च अंदाजे इतका सांगितलाय. तुमचा माणूस पाठवता का, की मी करून घेऊन बिल पाठवू? शनिवारी मी घरी आहे.'

तक्रार, पुरावा, कारण, आकडा, पर्याय, वार. 'घर राहण्यालायक नाही' वगैरे भाषा पहिल्या मेसेजात नको; बहुतेक काका-काकूंना त्रास खर्चाचा नसतो, प्लंबरच्या मागे फिरण्याचा असतो. तो तुम्ही उचललात तर होकार पटकन येतो. मात्र तो लेखी आल्याशिवाय भाड्यातून पैसे कापू नका. दोन आठवड्यांत हालचाल नसेल तर तोच मजकूर ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा. छताचे तुकडे पडत असतील तर थांबू नका: खोली रिकामी करा, सोसायटीला लेखी कळवा.

घर सोडताना

नोटीस दिलीत की मालकांना एकदा घरी बोलवा, शेवटच्या दिवशी नव्हे, पंधरा दिवस आधी. पहिल्या दिवसाचा व्हिडिओ लावून दोघांनी मिळून फिरा. कशाचे पैसे कापणार हे तेव्हाच विचारा. बिजागरीला तेल, ग्रिलला एक हात, नळाला नवा वॉशर एवढं स्वतः केलंत तर शे-पाचशेत भागतं. कापणारच असतील तर आकडा नको, बिल मागा. 'पेंटिंग चार्जेस' म्हणून ठोक रक्कम सांगितली तर करारातली झिजेची ओळ दाखवा. किल्ल्या आणि डिपॉझिट एकाच बैठकीत द्या-घ्या. 'आधी किल्ल्या द्या, पैसे पुढच्या आठवड्यात टाकतो' याला हो म्हणालो, तिथेच माझे २२ हजार गेले.